न धुतलेली गाडी

माजिदा शेख जिना चढून वर आली तेव्हा ऑफिसात शिवराज बिराजदार एकटाच जेवत बसला होता. त्यानं घाईघाईनं डबा झाकला आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "ताई, कोणी तरी आलंय."

रुपाली हक्के बाहेर आल्या. नव्या पेठेतल्या चादरीच्या दुकानावर त्यांचं हे दोन खोल्यांचं ऑफिस होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्यांनी बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी जळालेली गोदामं तपासण्यात घालवली होती. आता त्या स्वतःच्या नावानं चौकशीची कामं घेत. शिवराज पूर्वी सर्व्हेअरना मोटरसायकलवरून फिरवायचा आणि फोटो काढून द्यायचा. ताईंबरोबर राहून आपल्यालाही बरंच कळायला लागलंय, असं त्याचं मत होतं. ताईंनी त्याबद्दल मत दिलं नव्हतं.

"बसा. पाणी घ्या."

"पाणी नको मॅडम. आधी हे बघा." माजिदा पर्समध्ये मोबाइल शोधू लागली. तो सापडेना, तसं तिनं एकेक वस्तू टेबलावर काढून ठेवली. स्कूटीची किल्ली, कंगवा, रक्तदाबाच्या गोळ्या, तंबाखूची पुडी. "अब्बांचं सामान आहे," ती ओशाळून म्हणाली. "जाता जाता त्यांना द्यायचंय. हां, हा बघा."

व्हिडिओ साऱ्या सोलापुरात फिरला होता. शिवराजनंही तो दोन ग्रुपवर पाहिला होता. लिफ्टवर चढवलेली गाडी, चाकाच्या आतली बाजू, आणि मागून एक गोड आवाज: "सर, बघा, हे तुमच्या ॲक्सलचं रबर. पूर्ण फाटलंय. ग्रीस बाहेर आलंय. आता नुसतं रबर बदलून भागणार नाही, पूर्ण ॲक्सल बदलावा लागेल."

चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्यावर ग्रीस भरलेली रबराची टोपी असते, ती ही. तिच्यावर बोटभर लांबीचा सरळ काप होता. व्हिडिओखाली गाडीमालकानं लिहिलं होतं, 'ब्लेडनं कापलंय, फाटलेलं नाही.' आणि त्याच्याखाली माजिदाच्या नवऱ्याचा, तौसिफचा फोटो. कोणी टाकला, कोण जाणे. नाव पडलं होतं 'ब्लेडवाला मिस्त्री'.

"गाडी यांच्याच लिफ्टवर होती. म्हणून मॅनेजरनं यांना काढलं. शोरूमचं म्हणणं, एकानं चोरी केली, आम्ही त्याला काढला, विषय संपला. आता कुठलं गॅरेज यांना ठेवून घेईना. पोराला शाळेत चिडवतात. बुधवारी कंपनीचा मोठा साहेब पुण्याहून येतोय, त्याच्यासमोर कागद झाला की पोलिसात देणार म्हणे."

"ते स्वतः काय म्हणतात?"

"तेच तर! एरवी हा माणूस भाजीवाल्याशीसुद्धा भांडतो. आता म्हणतो, 'मी कापलं नाही. राहू दे.' राहू दे म्हणजे काय? ज्यानं केलं नाही, त्यानं ओरडायला नको?"

"शोरूममध्ये तुमचं आणखी कोणी ओळखीचं?"

"अब्बा आहेत की. बंदेनवाज शेख, फोरमन. यांना काम अब्बांनीच शिकवलं, आणि मग मला देऊन टाकलं." ती हसली, पण लगेच ओठ आवळले. "अब्बा म्हणतात, थोडे दिवस जाऊ दे, मी बघतो."

रुपालीताईंनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि मध्येच थांबवला. रबराच्या शेजारचं लोखंड, चाकाची आतली बाजू, सगळं पिवळंधमक होतं. कापाच्या जवळ एक लालसर डाग होता.

"गाडी अजून तिथंच आहे?"

"मालक हात लावू देत नाही. म्हणतो, साहेब येईपर्यंत आहे तशी राहू दे."

"मालकाचा नंबर द्या," ताई म्हणाल्या. "आणि एक सांगते. मी शोधीन ते जे निघेल ते. तुम्हाला हवं तेच निघेल, असं नाही."

"माझा माणूस बेकसूर आहे. तेवढं निघालं की बास."

*

गाडीचा मालक सिद्धनाथ मंगळवेढ्याकडचा मेंढ्यांचा व्यापारी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शोरूमच्या फाटकाबाहेर उभा होता. डोक्यावर पांढरा पटका, हातात दोन मोबाइल. ताईंचं आडनाव ऐकताच त्याचा चेहरा सैल झाला.

"हक्के? मग तुमाला भंडारा सांगाय नको."

"तरी सांगा. शिवराजना सांगा."

"आवो, दिवाळीतली बिरोबाची जत्रा. भंडारा अशी उधळण हुती की माणूस माणसाला दिसंना. गाडी तितंच उभी. आत-भाईर, वर-खाली, सगळी पिवळी. आमच्या घरात जत्रंतनं आलेली गाडी धूत न्हाईत. जाईल तवा आपसूक जाईल. हितं सर्विसिंगला दिली तवा ह्यांना चार डाव बजावलं, पाणी मारायचं न्हाय, फेस मारायचा न्हाय."

"आणि रबर?"

"तेच की! जत्रंतनं येताना खाली दगड लागला. थांबलो, खाली शिरलो, टॉर्च मारून समदं बघितलं. रबर धडधाकट. तितनं सरळ हितं आलो. आन ह्यांचा फोन, रबर फाटलं! मी ट्रॅक्टर खोलून जोडणारा माणूस हाय. मला शेंड्या लावत्यात व्हय?"

गाडी मागच्या शेडमध्ये, त्याच लिफ्टवर होती. ताई टॉर्च घेऊन तिच्याखाली शिरल्या. चाकाच्या आतल्या बाजूवर त्यांनी बराच वेळ उजेड फिरवला. मग रिमवरून स्वच्छ पांढरा रुमाल फिरवून शिवराजला दाखवला. रुमाल पिवळा झाला होता.

"काय दिसतं?"

"हळद."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"बरोबर. आणखी काही नाही," ताई समाधानानं म्हणाल्या. शिवराजला त्यात समाधान मानण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

मग त्यांनी त्याला तो लाल डाग दाखवला. कापाला लागूनच असलेल्या लोखंडावर तो होता. लांबट, पेराएवढा. जवळून पाहिलं तर त्यात बारीक रेषा होत्या.

"अंगठा!" शिवराज म्हणाला. "कुंकवाचा अंगठा."

"कुकू?" सिद्धनाथ वाकून म्हणाला. "आमी गाडीला कुकू लावत न्हाय. नुस्ता भंडारा."

"फोटो काढा. जवळून, मोजपट्टी ठेवून," ताई म्हणाल्या. "आणि डागाला बोट लावू नका."

*

मॅनेजर मल्लिकार्जुन कलशेट्टींची केबिन काचेची होती. भिंतीवर तीन पाट्या होत्या: 'ग्राहक हाच देव', 'तंबाखू खाताना आढळल्यास कामावरून कमी', आणि एका तक्त्यावर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या पाच ॲडव्हायझरांची नावं. कोणाच्या नावापुढे किती तारे, ते सजवून लिहिलेलं.

चहा आला. ताईंनी घेतला, शिवराजनं घेतला, कलशेट्टींनीही बशीत न सांडता घेतला.

"मॅडम, आमच्याकडे ट्रान्सपरन्सी आहे," ते म्हणाले. "म्हणून तर प्रत्येक कामाचा व्हिडिओ पाठवतो. एक माणूस सडका निघाला, काढून टाकला. मला स्वतःला वाईट वाटलं. फोरमनचा जावई!"

"तौसिफनंच कापलं, हे कशावरून?"

"गाडी त्याच्या बेवर, म्हणजे त्याच्या कामाच्या जागेवर. फोरमनना विचारलं, तेही तेच म्हणाले. सासरा असून खरं बोलले, बघा. जुन्या माणसांची गोष्टच वेगळी."

"हे तारे कशाचे?"

"मोटिव्हेशन हो. ज्याच्या गाड्यांमधून जास्त कामं निघतात, त्याला तारा."

"कामं निघाली नाहीत तर?"

"निघतात," कलशेट्टी हसले. "सोलापूरचे रस्ते आहेत मॅडम."

व्हिडिओतला गोड आवाज गुरुशांतचा होता. अक्कलकोटचा तरतरीत पोरगा, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्यानं गिऱ्हाइकांच्या सोफ्यावर बसवून पुन्हा चहा मागवला, स्वतःही घेतला, वर बडीशेपेची वाटी पुढे केली.

"मी काय करतो की मॅडम, फक्त शूटिंग. खालून निरोप येतो, अमक्या गाडीचं अमकं गेलंय. मी जातो, काढतो, पाठवतो."

"निरोप कोण देतं?"

"खालची माणसं. गडबडीत कोण लक्ष ठेवतंय की हो." त्याची नजर तक्त्याकडे गेली. त्याच्या नावापुढे सर्वांत जास्त तारे होते.

"या गाडीचा व्हिडिओ केव्हा काढला?"

"जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच. सुट्टीत खाली कोणी नसतं. सगळे कँटीनला."

"सगळे?"

"फोरमन एक चक्कर मारतात, मॅनेजर साहेब केबिनमध्ये असतात. मी गिऱ्हाइकांना फोन करतो. आणि धुलाईवाले असतात पाण्यावर."

धुलाईच्या फरशीवर येताच शिवराजच्या डोक्यात एकदम उजेड पडला. पिंपात पांढरा फेसाचा द्राव होता. त्यानं ताईंचा पिवळा रुमाल घेतला आणि एक कोपरा त्यात बुडवला. हळद लालभडक झाली.

"ताई! साबणाचं पाणी हळदीला लागलं की लाल! आमची आई कढीच्या डागाला साबण लावायची तेव्हा असंच व्हायचं. म्हणजे ज्यानं कापलं त्याचा हात फेसाचा होता. धुलाईवाला!"

"छान," ताई म्हणाल्या. "निम्मं बरोबर."

"आणि निम्मं?"

"फेसाचं पाणी अंगठ्यावर थांबत नाही. ओघळतं. तिथं एकही ओघळ नव्हता. आणि डागाच्या कडेला काय होतं, ते फोटो मोठा करून बघा."

शिवराजनं बघितलं. कडेला पांढऱ्या पिठाचे दोन-तीन कण होते. त्याला ते धूळ वाटले.

फोरमन बंदेनवाज अवजारांच्या फळीपाशी उभे होते. साठीला टेकलेले, दाढी पांढरी, निळा कोट स्वच्छ. ताईंनी तिथंही चहा सांगितला. शिवराजचा हा तिसरा चहा होता.

"आत्ता नको," बंदेनवाज हनुवटी किंचित वर करून, ओठ मिटते ठेवून म्हणाले. "ठेवा तिथं."

"मुलीनं मला नेमलंय, तुम्हाला माहीत असेल."

त्यांनी मान हलवली.

"तुम्हाला काय वाटतं, तौसिफनं कापलं?"

बंदेनवाज उत्तर न देता मागच्या नळाकडे गेले. आले तेव्हा तोंड पुसत होते. मग त्यांनी निवलेला चहा उचलून एका घोटात प्यायला. म्हातारा रडून आला, असं शिवराजला वाटलं आणि त्याला भडभडून आलं.

"साहेबांनी विचारलं, गाडी कोणाच्या बेवर होती. मी म्हणालो, तौसिफच्या. एवढंच बोललो," बंदेनवाज म्हणाले. "पोरीला सांगा, फार पळू नको. ऊन सोसत नाही तिला."

शेवटी तौसिफ. शास्त्रीनगरातल्या घरात तो पोराच्या सायकलची साखळी बसवत होता. हातांत रबरी मोजे.

"घरीसुद्धा मोजे?" शिवराजनं विचारलं.

"ऑइल लागलं की कातडी सोलते," माजिदा आतून चहा आणत म्हणाली. "लग्नापासून बघते, उघड्या हातानं नटसुद्धा फिरवत नाही हा माणूस. वर्कशॉपमध्ये सगळे 'डॉक्टर' म्हणून चिडवायचे."

तौसिफनं मोजे काढून चहा घेतला. ताईंनी मोबाइलवर लाल डागाचा फोटो लावून त्याच्यासमोर धरला.

तौसिफनं त्या फोटोकडे क्षणभरच पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"मॅडम, मला काही म्हणायचं नाही. मी कापलं नाही. पण तुम्ही हे थांबवा."

"का?" माजिदा उसळली. "का थांबवा? घाबरतोस कुणाला?"

तो पुन्हा सायकलपाशी जाऊन बसला.

*

बुधवारी पुण्याचा साहेब यायच्या आधी तासभर सगळे शोरूमच्या लाउंजमध्ये जमले. ताईंनी कलशेट्टींना फोनवर एवढंच सांगितलं होतं, की माझ्याकडे पुरावा आहे. तो आधी तुम्ही बघायचा की तुमच्या साहेबांनी, ते तुम्ही ठरवा. लाउंजमध्ये वातानुकूलन इतकं होतं की सिद्धनाथनं पटका कानावर ओढला.

माजिदा तौसिफच्या शेजारी ताठ बसली होती. आज नवऱ्याचं नाव धुऊन निघणार म्हणून तिनं नवीन दुपट्टा घेतला होता.

"सुरुवात चाकापासून करते," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात फळ्यावर लिहिताना असतो तसा होता. "ॲक्सलचं रबर चालत्या गाडीत फाटलं, तर दांडा फिरतो तसं आतलं ग्रीस सगळीकडे उडतं. रिमवर, आजूबाजूला. मी रिम पुसून पाहिली. नुसता भंडारा निघाला. ग्रीसचा एक ठिपका नाही. म्हणजे रबर कापल्यावर ही गाडी हातभरही चाललेली नाही. काप लिफ्टवर, याच शोरूममध्ये झाला. सिद्धनाथ खरं बोलतायत."

"मग मी काय वरडत हुतो?" सिद्धनाथ म्हणाला.

"जेवणानंतर लगेच व्हिडिओ निघाला. जेवणाच्या सुट्टीत बेवर कोणी नसतं. काप तेव्हाच झाला असणार. त्या वेळी इथं मोकळे होते ते एवढेच. मॅनेजर, गुरुशांत, फोरमन, धुलाईवाले. आणि कँटीनमधून कोणाच्या लक्षात न येता परतता आलं असतं, असं धरलं तर तौसिफ."

"तौसिफच!" कलशेट्टी म्हणाले.

"कापाशेजारी अंगठ्याचा ठसा आहे. पातं चालवताना जोर यावा म्हणून अंगठा टेकतो, आपण सुरीनं फळ चिरताना टेकतो तसा. ठशात कातडीच्या रेषा स्पष्ट आहेत. तो उघडा अंगठा आहे. तौसिफ उघड्या हातानं गाडीला हात लावत नाही. हे त्याची बायकोच म्हणते असं नाही, तुमच्या वर्कशॉपमध्ये त्याला त्यावरून नाव ठेवलंय. गुरुशांत, काय म्हणता तुम्ही त्याला?"

"डॉक्टर," गुरुशांत पुटपुटला.

माजिदानं सुटकेचा श्वास सोडला. तौसिफनं मात्र डोळे मिटले.

"ठसा लाल आहे. गाडीला कुंकू लावलेलं नव्हतं. भंडारा म्हणजे हळद. हळदीला लाल करायला काय लागतं? शिवराज म्हणाले, साबण. बरोबर आहे. पण गाडीला पाणी लागलेलं नाही, आणि ओघळही नाही, म्हणजे धुलाईवाल्यांचा ओला हात नव्हे. ठसा कोरडा, घट्ट, आणि कडेला पांढरे कण. हळदीचं कुंकू पूर्वी घरोघर कशानं करत होते?"

"चुन्यानं," शिवराज म्हणाला.

"चुन्यानं. ज्याच्या अंगठ्याला ओला चुना होता, त्यानं भंडाऱ्यावर अंगठा टेकला. चुना अंगठ्याला केव्हा असतो? तंबाखू मळल्यावर. इथं तंबाखूला बंदी आहे, म्हणून इथं कोणी तंबाखू खातो असं मला कोणी सांगणार नव्हतं. म्हणून मी प्रत्येकाच्या चहाकडे बघत होते."

"चहा?" कलशेट्टींनी विचारलं.

"दाढेत तंबाखू असताना माणूस चहा पीत नाही. कलशेट्टी, तुम्ही प्यायलात. गुरुशांतनं पिऊन वर बडीशेप खाल्ली. तौसिफ प्यायला. एकानं कप बाजूला ठेवायला सांगितलं. हनुवटी वर, ओठ मिटलेले. नळावर जाऊन आल्यावर तोच चहा एका घोटात संपवला. हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. पुरावा तो ठसा आहे. सरकारी लॅबमध्ये जुळवून घेता येईल."

माजिदा ताईंकडे बघत होती. मग तिची नजर हळूहळू स्वतःच्या पर्सवर गेली, आणि तिथून समोर भिंतीपाशी उभ्या असलेल्या निळ्या कोटाकडे.

बंदेनवाजनी उजवा अंगठा मुठीत मिटून घेतला होता.

"अब्बा?"

"लॅब नको," ते म्हणाले. "माझाच आहे."

"खोटं बोलता. यांना वाचवायला खोटं बोलता."

"नाही बेटी." ते तिच्याकडे बघत नव्हते. "जेवण करून तंबाखू मळली. तोंडात टाकली. चक्कर मारताना ही गाडी दिसली. आजवर इतकी रबरं कापली, कुठं डाग राहिला नाही. हळदीच्या गाडीला हात लावतोय, हे लक्षातच आलं नाही."

"इतकी?" सिद्धनाथ उठून उभा राहिला. "इतकी म्हंजे किती वो, चाचा?"

बंदेनवाजनी कलशेट्टींकडे बोट केलं. "साहेबांना विचारा. तारे मोजून सांगतील."

"एक मिनिट," कलशेट्टींचा आवाज चढला. "मी कधी कापा म्हणालो? एकदा तरी? साक्षीदार आणा!"

"तुम्ही म्हणत नव्हता साहेब. तुम्ही विचारायचा. रोज सकाळी विचारायचा, 'चाचा, पाऊस संपला, रबरं निघत नाहीत का? चाचा, आता वय झालं का, नजर कमी झाली का?' निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती माझी. या वयात कोण ठेवतं?"

"हा पुरावा झाला का?" कलशेट्टींनी ताईंना विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "तुमच्याविरुद्ध माझ्याकडे काही नाही."

कलशेट्टी मागे टेकून बसले. गुरुशांत टॅबच्या काळ्या काचेत बघत राहिला.

माजिदा तौसिफकडे वळली होती. "तुला माहीत होतं."

तौसिफनं मान खाली घातली.

"फोटो बघितलास तेव्हाच ओळखलंस. नाही, त्याच्या आधी. व्हिडिओ आला त्याच दिवशी."

"उस्ताद आहेत ते," तौसिफ खालच्या आवाजात म्हणाला. "त्यांनीच माझ्या हातात पाना दिला. मला वाटलं, मला कुठंही काम मिळेल. त्यांना नाही."

"आणि अब्बा, तुम्हाला ठाऊक होतं याला ठाऊक आहे ते?"

बंदेनवाजनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"म्हणजे घरात दोघं ताटाला बसत होता आणि दोघांना सगळं माहीत होतं. आणि मी एकटी गावभर फिरत होते, याची-त्याची दारं वाजवत. पोरगा शाळेतनं रडत येत होता. तुम्ही त्याच्या हातात गोळी-बिस्कीट ठेवत होता!"

"मी बघतो म्हणालो होतो..."

"काय बघणार होता? तुमच्या निवृत्तीची तारीख?"

शिवराजला वाटलं, ताईंनी काहीतरी बोलावं, काहीही. पण ताई टॉर्च आणि मोजपट्टी पिशवीत भरत होत्या. नेहमी एका झटक्यात होणारं हे काम आज त्यांना जमत नव्हतं. पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा सुटत होता.

कलशेट्टी सर्वांत आधी सावरले. त्यांनी घड्याळ पाहिलं, शर्टाची बाही सारखी केली.

"ठीक आहे. चाचा, राजीनामा लिहून द्या, आत्ता, साहेब येण्याआधी. पोलिसांपर्यंत जायचं नाही, एवढं मी बघतो. तुमच्या वयाकडे बघून. सिद्धनाथजी, तुमच्या गाडीचा ॲक्सल आमच्याकडून, आणि वर्षभराचं सर्विसिंग मोफत."

"हितं?" सिद्धनाथ म्हणाला. "मी येडा हाय व्हय? वर्षभर तुमच्यापुढं मान दिऊन बसू? मेंढरू बी एकदा कातरलं की दुसऱ्यांदा कातरणाऱ्याला बघून पळतंय." तो ताईंपुढे वाकला, हात जोडले. "ताई, पुण्याच्या सायबाला मी भेटणारच. भाईर थांबतो." आणि तो दाराबाहेर पायऱ्यांवर जाऊन बसला.

"भेटू दे," कलशेट्टी म्हणाले. "दोषी सापडला, कारवाई झाली. साहेबांना तेच हवंय." मग ते तौसिफकडे वळून मोठ्या मनानं हसले. "तौसिफ, तुझ्यावर अन्याय झाला. आम्ही तो दुरुस्त करतो. लेखी देतो, ग्रुपवर टाकतो, तुझं नाव साफ. आणि चाचांची जागा रिकामी झालीये. फ्लोअर तुला पाठ आहे. उद्यापासून फोरमन तू."

माजिदानं नवऱ्याकडे पाहिलं. शिवराजनंही पाहिलं. तौसिफ भिंतीपाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बघू लागला. निळ्या कोटाचं पहिलं बटण निघालं होतं आणि दुसरं बोटांना सापडत नव्हतं.

"आता घरात कमावणारा मी एकटाच," तौसिफ म्हणाला. कोणाला सांगत होता ते कळलं नाही. मग त्यानं घसा साफ केला. "किती वाजता येऊ, सर?"

"नेहमीच्या वेळेला. आणि ये जरा वर, या महिन्याचं टार्गेट समजावून सांगतो."

तौसिफ त्यांच्या मागोमाग काचेच्या केबिनकडे गेला.

माजिदा उठली. वडिलांपाशी जाऊन तिनं उरलेली बटणं स्वतः काढली, कोट घडी करून सोफ्यावर ठेवला, आणि त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं. ताई आणि शिवराज मागे होते. पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. तिनं स्कूटी काढली. बंदेनवाज मागच्या सीटवर बसायचं सोडून शोरूमच्या दाराकडे बघत उभे राहिले.

"आणि तो?"

"बसा अब्बा," माजिदा म्हणाली. "त्याला आता काम आहे."